शर्टाचा डावा खांदा

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत, दाराच्या मागच्या कोपऱ्यात, लोखंडी दांड्याला एक सांगाडा टांगलेला होता आणि त्याला सगळी शाळा ‘सर’ म्हणायची. मुलं आत शिरताना त्याला विचारायची, “सर, येऊ का आत?” आणि सर काही बोलले नाहीत म्हणजे परवानगी मिळाली असं समजून बाकांकडे पळायची. यात थट्टा होती, नाही असं नाही. पण ती थट्टा खुद्द सरांनीच जिवंतपणी सुरू करून दिलेली होती.

सरांनी उभा जन्म या शाळेत विज्ञान शिकवलं. नव्या वर्गावर गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “माणसाच्या अंगात हाडं किती?” कुणीतरी पाठ केलेलं उत्तर द्यायचं, दोनशेसहा. “आणि तान्ह्या बाळाच्या?” एखादा हुशार धीर करून म्हणायचा, बाळ लहान, म्हणजे हाडंही कमी असणार. सरांना नेमकं हेच चुकीचं उत्तर हवं असायचं. ते खुलून सांगायचे की बाळाची हाडं उलट जास्त असतात, तीनशेच्या घरात, आणि वाढता वाढता ती एकमेकांना जुळत जातात. मोठं होणं म्हणजे तुकड्यांचं एक होणं. मुलांनी त्यांचं नाव ‘दोनशेसहा’ ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या काळी शाळेत हाडं दाखवायला एक फाटका तक्ता तेवढा होता. सर त्याच्यापुढे छडी घेऊन उभे राहायचे आणि वैतागायचे. “कागदाला बोट लावून काय कळणार पोरांना? मी गेलो की मलाच इथे टांगा.” शिक्षकांच्या खोलीत सगळे हसायचे. सर हसायचे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे जुने विद्यार्थी होते. त्यांच्याशी बोलून त्यांनी सगळं पक्कं करून टाकलं. आधी देह तिकडच्या विद्यार्थ्यांना, मग हाडं या शाळेला. बायकोने अबोला धरला, भांडी आपटली, जेवणाचं ताट सरकवून दिलं. सर बधले नाहीत. म्हातारा एकदा हट्टाला पेटला की घरातली भिंतसुद्धा त्याच्याशी वाद घालत नसे.

पुढे सर गेले आणि सगळं ठरल्याप्रमाणे झालं. शाळेतल्या समारंभात मुख्याध्यापक भाषणाच्या भरात “हाडाचा शिक्षक” असं बोलून गेले, तेव्हा हसावं की रडावं हे कुणालाच कळेना. एक गोष्ट मात्र ठरल्याप्रमाणे झालेली नव्हती, आणि ती समारंभाला आलेल्या एवढ्या माणसांत एकटीलाच कळली होती.

ती एकटी म्हणजे सरांची मुलगी. सरांच्या जागेवर आता तीच शिकवत होती आणि मुलं तिला नुसतं ‘बाई’ म्हणायची.

बाई लहान असताना सरांच्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत यायच्या. एकदा उतारावर पुढच्या चाकात काहीतरी अडकलं आणि सायकल कोलांटी खाऊन पडली. पडता पडता सरांनी पोरीला पोटाशी धरलं आणि अंग वळवून स्वतः खाली आले. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. सरांची डावी हासळी मोडली. हासळी म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड. माणूस खांद्यावर पडला की बहुतेक वेळा तेच मोडतं. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती म्हणून सर हात गळ्यात बांधून शाळेत गेले, नीट विश्रांती कधी घेतलीच नाही. हाड सांधलं ते वाकडं. एका टोकावर दुसरं टोक चढून बसलं, मध्ये सुपारीएवढा उंचवटा राहिला आणि डावा खांदा उजव्यापेक्षा आखूड झाला. शर्टाखाली ते कुणाला दिसायचं नाही. पण रात्री बाबांच्या कुशीत झोपताना पोरीचं बोट आपोआप त्या उंचवट्यावर जायचं. “हाड म्हणजे दगड नव्हे,” सर झोपेत असल्यासारखे सांगायचे, “जिवंत असतं ते. तुटलं तर स्वतःच स्वतःला सांधतं. खूण ठेवतं फक्त.”

समारंभात पडदा सरकवला गेला तेव्हा बाई सर्वांत पुढे होत्या. त्यांची नजर थेट डाव्या हासळीवर गेली. हाड सरळ होतं. गुळगुळीत, नाजूक बाक असलेलं, पुस्तकातल्या चित्रात असतं तसं. त्यांना वाटलं आपली डाव्याउजव्यात गफलत होतेय. त्यांनी उजवी पाहिली. तीही सरळ. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “बाई, दोन शब्द बोला.” लोक रडत होते, जुने विद्यार्थी लांबून आले होते, मुलांनी फुलं आणली होती. बाई दोन शब्द बोलल्या आणि खाली बसल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या महाविद्यालयात जाऊन आल्या. तिथला हाडं साफ करणारा माणूस ओशाळून गेला. एका वेळी अनेकांची हाडं साफ होतात, चिठ्ठी देहाला बांधलेली असते, हाडांना नाही. समारंभाची तारीख जवळ आली म्हणून त्या वेळी घाई झाली होती. बाकीची हाडं तोवर कुठे कुठे शिकायला देऊन झाली होती. कुठली कुणाकडे गेली हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. बाई परत आल्या आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

कारण समारंभाच्या दिवशी त्या घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं होतं, “आले का नीट शाळेत?” आणि बाई म्हणाल्या होत्या, “आले.” एकदा आले म्हटल्यावर, आलेच नाहीत असं कुठल्या तोंडाने सांगणार?

आई समारंभाला गेली नव्हती आणि त्यानंतरही तिने कधी शाळेत पाऊल टाकलं नाही. “जन्मभर शाळेतच राहिले, मेल्यावर तरी घरी यायला काय झालं होतं?” हे तिचं पालुपद. पण राग राग करणारी हीच आई रोज सकाळी लेकीच्या हातात डबा देताना एक निरोपही द्यायची. त्यांना सांग, मागच्या नळाची गळती थांबली. त्यांना सांग, समोरच्या शिक्षकाच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा बरा दिसतो. त्यांना सांग, डॉक्टर म्हणतात उजव्या डोळ्यात आता काही राहिलं नाही, डावा आहे तोवर चालेल. संध्याकाळी विचारायची, “सांगितलंस?” बाई म्हणायच्या, “सांगितलं.” आणि ते मात्र खोटं नसायचं. शाळा भरायच्या आधी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, बाई त्या सांगाड्यासमोर उभ्या राहून आईचा निरोप शब्दाला शब्द सांगायच्या. तो कोण होता देव जाणे. ऐकून घ्यायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मग शाळांना नवा नियम आला की खऱ्या माणसाची हाडं वर्गात ठेवायची नाहीत, त्याजागी प्लास्टिकचा सांगाडा ठेवावा. मुख्याध्यापक स्वतः सरांचे विद्यार्थी. त्यांनी बाईंना खोलीत बोलावून खुर्ची दिली आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं.

“बाई, सरांना आता घरी न्यायचंय,” ते शेवटी म्हणाले. “निरोप द्यायला आम्ही सगळे येऊ. जुन्या मुलांनाही कळवतो. तुमच्या आईंना विचारून दिवस ठरवा.”

बाई हो म्हणून बाहेर पडल्या. आईपासून हे लपवणं शक्य नव्हतं. तिला दुपारीच शेजारणीकडून कळलं होतं. बाई घरी पोचल्या तेव्हा आई पलंगाखालची पेटी ओढून, तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती.

“कापड काढतेय,” ती म्हणाली. “तो निळसर तागा होता ना, त्यांच्यासाठी आणलेला. शर्ट शिवते.”

“आई, हाडांना शर्ट?”

“मग काय तसेच जाऊ दे? एवढी वर्षं उघडे उभे राहिलेत पोरांपुढे. मी असते तर पहिल्याच दिवशी घातला असता.”

आई शिवणकाम करायची. अर्ध्या वस्तीचे कपडे तिच्या हाताखालून गेले होते, आणि डोळे गेल्यावरही बोटांनी काम सोडलं नव्हतं. त्या रात्री जेवताना ती कितीतरी वर्षांनी आपण होऊन बोलत होती. दफनभूमीत तिने जागा केव्हाच बघून ठेवली होती, भिंतीकडेची, झाडाखालची, दोघांना पुरेल अशी. “एका बाजूला ते. दुसरी माझी. आता माझं काही अडलेलं नाही. बोलावणं आलं की निघाले.” ती हे समाधानाने म्हणाली आणि पुढचा घास घेतला.

सांगावं, तर या वयात आईला पुन्हा विधवा करायचं, आणि या वेळी तिच्या हाती हाडंही नाहीत. न सांगावं, तर ती जन्मभराच्या भरवशाने एका परक्या माणसाशेजारी जाऊन झोपणार आणि ते फक्त आपल्याला माहीत असणार. बाई मुलांना रोज सांगत होत्या की जे दिसतं ते लिहा, जे दिसायला हवं असं वाटतं ते नको. स्वतः मात्र पहिल्याच दिवशी जे दिसलं ते गिळून बसल्या होत्या. त्यांना स्वतःची शिसारी आली. आणि तरीही मनाचा एक कोपरा हिशेबीपणे म्हणत होता, की आईला आता दिसत नाही, हाडासारखं हाड, तिला काय कळणार?

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारी, शाळा सुटल्यावर, आई शाळेत आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. मुख्याध्यापक दारापर्यंत सोडायला आले आणि शहाण्या माणसासारखे तिथूनच परतले. प्रयोगशाळेत उन्हाचा एक पट्टा बाकांवर पडला होता. नवा प्लास्टिकचा सांगाडा अजून खोक्यातच होता.

“कुठं आहेत?” आईने विचारलं.

बाईंनी तिचा हात धरून तिला कोपऱ्यात नेलं. आईने हात पुढे करून एक बरगडी चाचपली. मग म्हणाली, “वाळलात हो फार,” आणि तिचा आवाज फाटला.

बाईंनी तोंड फिरवलं. काचेच्या नळ्या, स्टँड, गाळणकागदाची पाकिटं, सगळं डोळ्यांपुढे विरघळल्यासारखं झालं. आता सांगावं असं त्यांना वाटलं, पण तोवर आईचा हात पिशवीत गेला होता.

आईने पिशवीतून शर्ट काढला. तो तिने झटकला, बाह्या सरळ केल्या आणि एखाद्या आजारी माणसाला घालावा तसा सांभाळून आधी एक हात, मग दुसरा हात असा चढवला. तारांनी बांधलेली बोटं बाहीत अडकली, ती तिने हळूच सोडवली. समोरची बटणं खालून वर लावली. कॉलर नीट केली. मग शिवणारी माणसं शेवटी करतात तसे तिने दोन्ही तळवे मानेपासून खांद्यांवरून बाहेर फिरवले.

उजव्या खांद्यावरचा हात शिवणीवर येऊन थांबला, जिथे खांदा संपत होता तिथेच. डाव्या खांद्यावरचा हात शिवणीवर आला आणि थांबला नाही. शिवण संपली होती, खांदा अजून बाकी होता.

आईने हात उचलले, परत मानेपाशी ठेवले आणि पुन्हा फिरवले. मग शर्ट थोडा मागे ओढून बघितला, थोडा पुढे. “असं कसं?” ती स्वतःशीच म्हणाली. “डावा अर्धा बोट आखूड कापायचा, हे हात झोपेतसुद्धा विसरणार नाहीत.” तिने वरचं बटण काढलं आणि अंगठा कॉलरच्या आत घातला. गळ्याच्या खळगीपासून खांद्याच्या टोकापर्यंत अंगठा सावकाश सरकत गेला. वाटेत त्याला कुठे काही लागलं नाही.

बाहेर मैदानावर कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“तुला कधीपासून माहीत आहे?” आईने मागे न वळता विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि ते कुठं आहेत?”

“माहीत नाही. विचारून आले मी तेव्हा. कुणालाच माहीत नाही. कुठल्यातरी कॉलेजात, नाहीतर शाळेत असतील.”

आई चाचपडत बाकाकडे गेली आणि बसली. तिचा चेहरा एकाएकी लहान दिसायला लागला. “तू मला वेड्यात काढलंस,” ती म्हणाली. “रोज मी निरोप देत होते. रोज. मी आजारी असल्याचं, नळाचं, कुणाचं काय आणि कुणाचं काय. आणि तू मान डोलवायचीस, सांगितलं म्हणून. म्हातारीची थट्टा केलीस माझी.”

“सांगायचे मी,” बाई म्हणाल्या. “खरंच सांगायचे. रोज सकाळी, इथे उभी राहून.”

“कुणाला?”

“याला.”

बाईंना आता थांबता येईना. त्या रडत रडत बोलत सुटल्या. बाबा एकदा गेले होते, ते मला तुझ्याकडून पुन्हा हिरावून घ्यायचे नव्हते, म्हणाल्या. तुझा राग तरी कुणावर काढायला माणूस राहू दे, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मी भ्याले. बाबा असते तर त्यांनी पडदा सरकल्या सरकल्या सगळ्यांसमोर सांगितलं असतं, की हा मी नव्हे, आणि मग वर्गाला विचारलं असतं की कशावरून. मला ते जमलं नाही.

आईने पदराऐवजी पिशवीच तोंडावर दाबली होती. ती तिने काढली. “म्हणजे अजून नोकरीवरच आहेत म्हण,” ती म्हणाली. “कुठल्यातरी परक्या पोरांपुढे उभे असतील. त्यांच्या हासळीवर बोट ठेवून मास्तर विचारत असेल, हे कशानं झालं सांगा. आणि कुणाला सांगता येत नसेल.” हे बोलता बोलता ती रडायला लागली, मोठ्याने, सर गेले तेव्हाही रडली नव्हती अशी. बाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या. बाक मुलांच्या मापाचा होता, दोघींना मिळून तो पुरत नव्हता.

ऊन बाकांवरून उतरून फरशीवर आलं तेव्हा आईने नाक पुसलं आणि कोपऱ्याकडे मान केली. “मग हा कोण?”

“माहीत नाही.”

“एवढी वर्षं रोज बघतेस. काहीतरी कळलं असेल.”

बाई उठल्या. वर्गात शिकवतात तशा त्या सांगाड्याशेजारी उभ्या राहिल्या, पण आवाज वर्गातला नव्हता. “पुरुष आहे. बाबांपेक्षा तरुण, दात अजून चांगले आहेत. कमरेचे मणके मात्र झिजलेत, गुडघेही. उजव्या हाताची हाडं डाव्यापेक्षा जाड आहेत. ओझी उचलायचं काम असावं याचं, वर्षानुवर्षं. घरचं कुणी न्यायला आलं नसेल. तशी माणसं जातात तिकडे.”

“कुणी शोधलंही नसेल?”

“शोधलं असेल तर सापडला नाही.”

आईने हात पुढे केला. बाईंनी तिला उठवून जवळ आणलं. आईने सांगाड्याचा हात हातात घेतला, मगाशी शर्ट घालताना घेतला होता तसाच, पण आता अनोळखी माणसाचा घ्यावा तसा जरा बिचकत. बोटांची छोटी छोटी हाडं तिच्या तळहातावर खुळखुळली.

“नळाचं सांगितलंस याला?”

“हो.”

“माझ्या डोळ्याचं?”

“हो.”

“आणि तुझं लग्न मोडलं तेव्हा मी काय काय बोलले ते?”

“तेही.”

“म्हणजे आपल्या घरातलं काही याच्यापासून लपलेलं नाही,” आई म्हणाली. तिने तो हात हळूच खाली सोडला. “मग याला परका कसं म्हणायचं? त्यांना तर यातलं काहीच ठाऊक नाही.”

तिने शर्टाची बटणं काढली. बाईंना वाटलं, शर्ट परत नेणार, आणि ते बरोबरच होतं. पण आई बाकावर बसली, शर्ट मांडीवर उलटा केला आणि पिशवीतून कात्री आणि सुईदोरा काढला. “ओवून दे,” ती म्हणाली. बाईंनी खिडकीपाशी जाऊन सुई ओवली. दोन-तीनदा दोरा चुकला. आई तोवर डाव्या खांद्याची शिवण उसवत होती. नशिबाने आत दुमडलेल्या कापडाची माया भरपूर ठेवलेली होती. ती सवयच होती तिची, माणूस अंगाने भरेल म्हणून. तिने डावा खांदा अर्धा बोट सैल सोडला आणि नवा टाका घातला, बोटांनी चाचपत, सावकाश, एकसारखा. दोरा दातांनी तोडला. मग उठून तिने शर्ट पुन्हा त्या माणसाला घातला आणि तळवे खांद्यांवरून फिरवले. या वेळी दोन्ही हात शिवणीवर बरोबर थांबले.

“उद्या सगळ्यांना सांग,” ती म्हणाली. “खोटं नाव लावून कुणाला मातीत घालायचं नाही. त्यांना आवडलं नसतं.”

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत भिंतीकडेच्या झाडाखाली बरीच गर्दी झाली. जुने विद्यार्थी आले होते, काही आपली मुलं घेऊन. मुख्याध्यापकांच्या खिशात भाषणाचा कागद होता. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी सांगितलं. पडदा सरकवल्याच्या दिवशी काय दिसलं ते सांगितलं, हासळी कशी असायला हवी होती ते सांगितलं, आणि आपण गप्प बसलो हेही. त्यांनी माफी मागितली. वाक्य एकही गाळलं नाही. मुख्याध्यापकांनी कागद खिशातच राहू दिला.

मग बाईंच्या वर्गातल्या एका मुलीने हात वर केला, वर्गात करतात तसा. “बाई, मग आम्ही रोज आत येऊ का असं कुणाला विचारत होतो?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

मुलीने मान हलवली. “ते कधी नाही म्हणाले नाहीत,” ती म्हणाली, आणि पुढे येऊन तिने पहिली मूठ माती टाकली. मग इतरांनी टाकली. एकही माणूस न टाकता परत गेला नाही. निळसर शर्टाचा खांदा शेवटपर्यंत दिसत होता, मग तोही दिसेनासा झाला.

लोक पांगल्यावर दोघीच राहिल्या. शेजारची जागा मोकळीच होती. आई काठी टेकत तिच्या कडेने चालून आली. “माझं ठरलंय तसंच,” ती म्हणाली. “इथंच. एकटा राहिलेला माणूस आहे, आणि मला बोलायला ओळखीचं कुणीतरी लागेल.”

बाईंना हुंदका आवरेना. “पण बाबा नाहीत ना इथे. त्यांची काहीच खूण राहिली नाही आपल्याकडे. एक हाडसुद्धा नाही.”

“उभी राहा सरळ,” आई म्हणाली. लहानपणी फ्रॉकचं माप घेताना म्हणायची, त्याच आवाजात. बाई उभ्या राहिल्या. आईने काठी झाडाला टेकवली, दोन्ही तळवे लेकीच्या मानेपाशी ठेवले आणि खांद्यांवरून बाहेर नेले. मग अंगठा डाव्या हासळीवरून टोकापर्यंत फिरवला, आणि मग उजवीवरून.

“सारखे आहेत दोन्ही,” ती म्हणाली. “जन्मभर तुझे कपडे शिवले, कधी एक खांदा वेगळा कापावा लागला नाही. सायकल पडली त्या दिवशी मोडायचं होतं ते तुझं होतं. अजून किती खूण पाहिजे तुला त्यांची?”

तिने हात काढले नाहीत. बाई तशाच सरळ उभ्या राहिल्या.